सीमेपलीकडची मासेमारी: लेक ऑफ द वूड्सवरील एका नौकासेवेचे परीक्षण

मिनेसोटा राज्याचा एक तुकडा उरलेल्या राज्यापासून सुटून लेक ऑफ द वूड्स या सरोवराच्या पलीकडच्या काठावर राहिला आहे. नॉर्थवेस्ट अँगल या नावाने ओळखला जाणारा हा कोपरा अलास्का वगळता अमेरिकेचा सर्वांत उत्तरेकडचा भाग होय. १७८३ च्या पॅरिस तहात सरोवराच्या वायव्य टोकापासून सीमा थेट पश्चिमेला मिसिसिपी नदीपर्यंत न्यावी असे ठरले होते. परंतु नदीचा उगम त्या रेषेच्या बराच दक्षिणेला असल्यामुळे ती रेषा नदीला मिळणे शक्यच नव्हते. पुढे १८१८ च्या करारात वायव्य टोकापासून सरळ दक्षिणेला ४९व्या अक्षवृत्तापर्यंत रेषा ओढून हा प्रश्न सोडवण्यात आला आणि जमिनीचा हा कोपरा अमेरिकेच्या पदरात पडला. या जुन्या गोंधळाचा उल्लेख येथे करण्याचे कारण असे की, ज्या सेवेचे हे परीक्षण आहे तिचे निम्मे मूल्य मासे दाखवण्यात नसून ही रेषा बिनबोभाट ओलांडून देण्यात आहे.

सेवा थोडक्यात अशी. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या हद्दीतील एका बेटावर मासेमारीचा कॅम्प आहे. त्याची नौका सकाळी अँगलच्या धक्क्यावर येऊन पाहुण्यांना घेते, कॅनडाच्या पाण्यात दिवसभर मार्गदर्शकासह मासेमारी घडवते, दुपारी एखाद्या बेटावर पकडलेलेच मासे तळून जेवू घालते आणि संध्याकाळी अमेरिकेच्या धक्क्यावर परत सोडते. मिनेसोटातून रस्त्याने अँगलला पोहोचायचे तर कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातून जावे लागते. म्हणजे जाताना कॅनडात शिरायचे, पुन्हा अमेरिकेत यायचे, नौकेने कॅनडात जाऊन परतायचे आणि घरी निघताना तोच रस्ता उलटा कापायचा. एका सहलीत सीमा सहा वेळा ओलांडली जाते. रस्त्याने अँगलमध्ये शिरणाऱ्याला अडवणारे फाटकही दिसत नाही. जिम्स कॉर्नर नावाच्या चौकातील एका खोपटातून दृकश्राव्य फोनवर स्वतःहून नोंद करण्याची तेथे वर्षानुवर्षे पद्धत आहे. विश्वासावर चालणारी ही व्यवस्था पाहून प्रथम हसू येते, पण नियम तेवढेच कडक आहेत.

पाण्यावरच्या नियमाचा गाभा २०१७ मध्ये कॅनडाच्या कायद्यात झालेल्या बदलात आहे. परदेशी नौका कॅनडाच्या पाण्यात आली, पण तिने तेथे नांगर टाकला नाही, ती धक्क्याला किंवा दुसऱ्या नौकेला लागली नाही आणि तिच्यातून माणूस वा माल चढला-उतरला नाही, तर तिला सीमा सेवेकडे स्वतःहून नोंद करावी लागत नाही; मात्र अधिकाऱ्याने विचारल्यास उत्तर द्यावेच लागते. त्याआधी परिस्थिती बरीच कठोर होती आणि नुसत्या तरंगत गळ टाकणाऱ्यांवरही कारवाई झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून वाऱ्यासोबत वाहत राहून मासे पकडणाऱ्याला आज ऑन्टॅरिओचा मासेमारी परवाना पुरतो; नांगर टाकला की चित्र बदलते. आता वॉलायसारखा मासा खडकाळ उंचवट्याच्या कडेला एका जागी टिकून राहून पकडायचा असतो आणि दुपारचे जेवण तर जमिनीवर पाय ठेवल्याशिवाय होणारच नाही. त्यामुळे अशा पूर्ण दिवसाच्या सहलीला नोंद अटळ आहे आणि ती टाळण्याच्या युक्त्या सुचवणाऱ्या सेवांपासून चार हात दूर राहावे.

या बाबतीत कॅम्पचे काम वाखाणण्यासारखे होते. नौका प्रथम दूरध्वनीवरून नोंद करण्यासाठी ठरवून दिलेल्या धक्क्याला लागली. नौकाचालकाने फोन करून प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, नागरिकत्व आणि सोबतचे सामान सांगितले, मिळालेला नोंद क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि तोवर कोणालाही नौकेबाहेर पाऊल टाकू दिले नाही. गळ टाकायला उतावीळ झालेल्या मंडळींना हा वेळ जड गेला, तरी तो क्रमांक हीच दिवसभराची ढाल असते. गांजाविषयीही त्याने निघण्यापूर्वीच स्पष्ट बजावले. मिनेसोटात आणि कॅनडात दोन्हीकडे तो कायदेशीर असला तरी सीमेपार नेणे कोणत्याही दिशेने गुन्हाच आहे, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

कॅम्पच्या पूर्वसूचना मात्र अपुऱ्या आहेत आणि ही माझी मुख्य तक्रार आहे. आरक्षणानंतर आलेल्या पत्रात ‘पासपोर्ट सोबत ठेवावा’ एवढेच वाक्य होते. ग्राहक अमेरिकन नागरिकच असणार, असे गृहीत धरलेले दिसते. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांपैकी ग्रीन कार्डधारकांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ असले की झाले; परंतु एच-१बीवर असलेल्याला कॅनडाचा अभ्यागत व्हिसा आधीच काढावा लागतो, आणि रस्ताही मॅनिटोबातून जात असल्याने ही अडचण नौकेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच उभी राहते. परतीच्या प्रवेशाचे नियमही अशा व्यक्तीने आपल्या वकिलाकडून निघण्यापूर्वी समजून घ्यावेत. आगाऊ रक्कम परत न देणाऱ्या सेवेने हे चार ओळींत लिहायला काहीच हरकत नव्हती.

आमिषाच्या बाबतीतही ग्राहकाला आधी कल्पना हवी. जिवंत मासे किंवा जळवा आमिष म्हणून ऑन्टॅरिओत आणण्यास बंदी आहे. गांडुळे चालतात, पण ती मातीत नव्हे तर कृत्रिम भरणात ठेवलेली असली पाहिजेत. कारण मातीतून आणि पाण्यातून परके जीव व रोग एका सरोवरातून दुसऱ्यात जातात. अमेरिकेच्या काठावर हौसेने विकत घेतलेले छोटे मासे आमच्यातील एकाला धक्क्यावरच सोडून द्यावे लागले. कॅम्पकडे स्थानिक आमिष मुबलक होते, हे खरे. पण तेही आल्यावर कळले.

आता प्रत्यक्ष मासेमारी. या सरोवरात चौदा हजारांहून अधिक बेटे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कॅनडाच्या बाजूला आहेत. दक्षिणेकडचा मिनेसोटाचा भाग उघडा व रुंद असल्याने वारा सुटला की तेथे लाटा उसळतात. उत्तरेकडे बेटांच्या आडोशाला वाऱ्याच्या दिवशीही काम चालू ठेवता येते. सीमा ओलांडण्याचा खरा लाभ हाच आहे. पाण्याखालचे खडक मात्र कुठे वर आलेले आहेत ते नकाशावर नीट दिसत नाही, तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्याने भाड्याची नौका घेऊन एकट्याने फिरण्यापेक्षा मार्गदर्शकाचे पैसे मोजावेत. आमचा मार्गदर्शक मितभाषी होता, परंतु वॉलायच्या सवयी त्याला पाठ होत्या. या माशाच्या डोळ्यांच्या आत मागच्या बाजूला प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसते आणि लख्ख उन्हात तो खोल उतरतो. सकाळी उथळ कडेला, ऊन चढल्यावर खोल पाण्यात आणि वाऱ्याने पृष्ठभाग खडबडीत झाला की पुन्हा वर, अशी नौका तो हलवत राहिला. सोनेरी रंगाचे जिग, म्हणजे वजन जडवलेले गळ, बांधायचा त्याचा आग्रह होता. तपकिरी झाक असलेल्या पाण्यात तो रंग उठून दिसतो, आणि परिणाम पाहता वाद घालायला जागा उरली नाही. रॉड आणि रीळ चांगल्या स्थितीत होती. जीवरक्षक जाकिटे मात्र कुबट वासाची आणि एकाच मापाची होती. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आपली न्यावीत.

दुपारचे जेवण हा या भागातील जुना रिवाज आहे आणि कॅम्पने तो मनापासून पाळला. लोखंडी कढईत बटाटे, कांदा आणि ताज्या माशाचे तुकडे तळले जात असताना पलीकडे दिसणारे बेट कोणत्या देशाचे हा प्रश्न कोणालाही पडत नाही. तेथे खाल्लेले मासेदेखील प्रत्येकाला दिवसाला ठेवता येणाऱ्या माशांच्या मर्यादेत धरले जातात, हे मार्गदर्शकाने कढई चढवण्यापूर्वीच सांगितले, ते बरे झाले.

मर्यादांचा विषय निघालाच आहे तर एक इतिहास सांगितला पाहिजे. विस्कॉन्सिन किंवा डकोटा राज्यांबरोबरच्या सीमेवरील पाण्यात मिनेसोटाचा परवाना दोन्हीकडे चालतो. कॅनडाच्या सीमेवर अशी सवलत नाही. नव्वदच्या दशकात ऑन्टॅरिओने आणखी पुढे जाऊन, कॅनडात मुक्काम न करणाऱ्या परदेशी पाहुण्यांवर वॉलाय घरी नेण्याबाबत निर्बंध घातले. अँगलमधील व्यावसायिक इतके संतापले की त्यांतील काहींनी अमेरिकेतून फुटून कॅनडात सामील होण्याची भाषा सुरू केली आणि १९९८ मध्ये खासदार कॉलिन पीटरसन यांनी तसा प्रस्ताव काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मांडला. अँगलची बहुतांश जमीन ज्यांच्या मालकीची आहे त्या रेड लेक ओजिब्वे या मूळनिवासी समाजाचा त्याला विरोध होता. माशांपायी देश सोडायला निघालेले लोक हा इतिहासातला विनोद वाटेल, पण पुढे ते निर्बंध उठले.

आजही दोन्ही बाजूंची मोजमापे वेगळी आहेत. मिनेसोटाच्या पाण्यात साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांदरम्यानचा वॉलाय परत सोडावा लागतो, तर ऑन्टॅरिओची स्वतःची मर्यादा सेंटिमीटरमध्ये आहे. नौकेत एकच मोजपट्टी असल्याने आकड्यांची उलथापालथ मनातल्या मनात करावी लागते. या किमतीच्या सेवेत दुहेरी खुणांची पट्टी असायला हवी होती.

परतीचा भाग सुरळीत पार पडला. मासे साफ करताना प्रत्येक तुकड्यावर कातडीचा एक चौकोन ठेवला गेला, जेणेकरून तपासणीत माशाची जात ओळखता यावी, आणि तुकडे मोजता येतील अशा बेताने पिशव्या भरल्या गेल्या. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याची नोंद रोम या मोबाइल अॅपवरून करता येते, मात्र त्यात माहिती आधी भरून ठेवलेली बरी. सरोवरावर फोनला संपर्क मिळेलच याचा भरवसा नाही आणि अधिकाऱ्याला दृकश्राव्य संवाद हवा असेल तर तुटक संपर्कात फार खोळंबा होतो. नौकेचे दिवसाचे भाडे चढे आहे, परंतु ते माणशी नसून नौकेमागे आहे, त्यामुळे चौघांनी मिळून गेल्यास परवडते आणि दोघांना जड जाते. रक्कम कॅनेडियन डॉलरमध्ये आकारली जाते. ऑन्टॅरिओचे परवाने त्यात धरलेले नाहीत, ते प्रत्येकाने घरूनच इंटरनेटवर काढून छापील प्रत सोबत ठेवावी.