हिरवी कॅश की निळं प्रश्नचिन्ह?

जिओकॅशिंग म्हणजे लोकांनी लपवलेल्या डब्या जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ; अशा डबीला ‘कॅश’ म्हणतात, पैशांशी संबंध नाही. या खेळाच्या नकाशावर हिरवी खूण म्हणजे साधी कॅश. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर सही करायची, डबी होती तशी परत लपवायची. ३ मे २००० ला अमेरिकेत ओरेगनमध्ये ठेवलेली पहिली बादलीही याच जातीची. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

निळं प्रश्नचिन्ह म्हणजे कोडं. नकाशावरची जागा खोटी. खरी साधारण ३ किलोमीटरच्या आत कुठेतरी, पण डोकं खाजवल्याशिवाय कळणार नाही. मला हाच प्रकार आवडतो. निम्मा खेळ घरी चहा पिता पिता होतो!

मात्र नकाशा इथेच दगा देतो. कोड्याचं उत्तर बहुधा अंश आणि दशांश मिनिटांत येतं, म्हणजे १८° ३१.२५०'. घाईघाईत मी ते ऑनलाइन नकाशात १८.३१२५० असं टाकलं आणि खूण पडली थेट २३ किलोमीटर दक्षिणेला. मिनिटांना ६० ने भागून १८ मध्ये मिळवलं की येतं १८.५२०८३.

शिष्टाचाराचं म्हणाल, तर साध्या कॅशला येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर चुकवली की बरंचसं भागतं. कोड्याला एक पथ्य जास्त: लॉगमध्ये (डबी सापडल्यावर ऑनलाइन लिहायच्या नोंदीत) उत्तर फोडायचं नाही, ‘पुलाखाली मजा आली’ एवढंही नाही. अडलात तर कॅशच्या मालकालाच निरोप धाडा. आणि कोडं न सोडवता मित्राकडून जागा मिळवली तर? सही असली की नोंद चालते, पण मला ती कॉपीच वाटते.