ट्रॉली स्पीकर, दोन माइक आणि परिपाठ: अकरा महिन्यांनंतर

जूनमध्ये शाळा उघडली, स्पीकरचं बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि पाच सेकंदांत विझला. दीड महिना कपाटात बंद पडून बॅटरी गेली. विक्रेता म्हणतो बॅटरीला वॉरंटी नसते. बिलावर तसं कुठेच लिहिलेलं नाही, तरी ऐकायला तयार नाही. तेव्हा घेण्याआधीच बॅटरीचं बिलावर लिहून घ्या.

बारा इंची वूफर, ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, दोन वायरलेस माइक, हे सगळ्यांनी पाहिलेलंच असतं. शाळेने तो कशासाठी घेतला हे मात्र सांगायला हवं. परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष वर्षभर तीच पाच-सहा धीट पोरं म्हणतात. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी, ऊसतोडीहून मार्चमध्ये परतलेली पोरं मागच्या रांगेत उभी राहतात आणि तशीच वर्गात जातात. आपला आवाज अख्ख्या पटांगणाने ऐकला की त्यांना शाळा आपली वाटायला लागते. पैसे घातले ते यासाठी.

आणि नेमकं इथेच हे यंत्र घात करतं. शिट्टी!

लाजरं पोर माइक धरतं ते जाळीला दोन्ही हातांचा विळखा घालून, थंडीत चहाचा गरम पेला धरावा तसं. जाळीच्या खालच्या भागात मागून आवाज आत यायला फटी असतात. त्या फटींमुळेच माइक समोरचं उचलतो आणि मागचं टाळतो. हाताने त्या बुजल्या की तो चहूकडचं उचलतो, स्पीकरचा आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि कूंऽऽऽ! त्यात पोर हळू बोलतं म्हणून आपण आवाज आधीच वाढवलेला असतो. सगळे कानांवर हात ठेवतात, कोणीतरी हसतं, आणि ते पोर महिनाभर पुन्हा पुढे येत नाही. माहितीपत्रकात रंगीत दिव्यांना अर्धं पान दिलंय, शिट्टीबद्दल अक्षर नाही. बारा इंची वूफरपेक्षा मला ही एक गोष्ट मोठी वाटते.

उपाय आहेत, पण सगळे एकदम करावे लागतात. स्पीकरचं तोंड रांगांकडे, आणि बोलणारं मूल स्पीकरच्या मागे, चार-पाच पावलांवर. इको शून्यावर, कारण इको असला की शिट्टी लवकर लागते आणि लहान मुलाचे शब्द एकमेकांत मिसळतात. ट्रेबल, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजाचं बटण, निम्म्याखाली. माइक तोंडापासून चार बोटांवर, कारण अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारी आवाजाची ताकद चौथाईवर येते. दांड्याच्या मधोमध रंगीत चिकटपट्टी गुंडाळा आणि ‘हात इथे’ एवढंच शिकवा. पहिली-दुसरीला तेही जमत नाही. त्यांच्यासाठी स्टँड लावा, साधारण एक मीटर उंचीवर. सहावी-सातवीला सव्वा मीटर. कॉलर माइकच्या नादी लागू नका. तो बहुधा चहूकडचं उचलणारा असतो, शिट्टी आणखी लवकर.

दोन माइक ही उधळपट्टी, असं पहिल्या सत्रात माझं ठाम मत होतं. प्रत्येक माइकला दोन पेन्सिल सेल, म्हणजे खर्च दुप्पट. ते मत मागे घेतो. लाजऱ्या मुलाला एकटं उभं करण्याऐवजी दुसरा माइक त्याच्या मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या हाती दिला, तिने प्रश्न विचारायचा आणि याने उत्तर द्यायचं, तर तोंड उघडतं. ‘याडी (आई) आज काय करते?’ असं गोरमाटीत विचारलं तर आणखी लवकर. मग तेच वर्गापुढे मराठीत. दुसऱ्या माइकचं बटण मात्र बोलणं संपताच बंद करा, नाहीतर शिट्टी तिथून येते. चार्ज होणारे सेल घेतलेत तर ते १.२ व्होल्टचे असतात; काही माइक त्यावर लवकर कुरकुर करतात, आधी एक जोडी वापरून पाहा.

सगळ्यात मोठा उपयोग खरेदी करताना डोक्यातही नव्हता. ऊसतोडीला गेलेली मुलं शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारा कागद) घेऊन तिकडच्या शाळेत बसतात, पण इथल्या मित्रांपासून तुटतात. फडावरून पालकांच्या फोनवरून व्हॉट्सॲपवर आलेला अर्ध्या मिनिटाचा आवाज परिपाठात लावला की ते पोर परतल्यावर पाहुण्यासारखं उभं राहत नाही. लावताना एक घोळ होतो: तो आवाज पेन ड्राइव्हवर टाकला तर वाजत नाही. व्हॉट्सॲपची आवाजाची फाइल ओपस नावाच्या प्रकारातली असते आणि असे स्पीकर बहुधा एमपी३च वाचतात. फोन ब्लूटूथने जोडा, आधी विमान मोडवर टाका आणि ब्लूटूथ पुन्हा चालू करा, म्हणजे मध्येच टुणटुण होणार नाही. फोनचा आवाज पूर्ण, स्पीकरचा निम्मा.

आता बॅटरी. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची, शिशाची बंद बॅटरी. पडून राहिली तरी ती आपोआप उतरते, उन्हाळ्यात जास्तच. उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. पूर्ण चार्ज करून तासाभराने मल्टिमीटरवर साधारण १२.७ दिसायला हवेत. नवी घ्यायची तर मापाला तीच, लाल वायर लाल टोकाला, आणि दुकानात पडून जुनी झालेली घेऊ नका. पुढच्या सुट्टीत १५ मेला शाळा व्यवस्थापन समितीतल्या गावातल्याच एकाने कपाट उघडून एक रात्र चार्जिंगला लावायचं, हे आताच वहीत लिहून ठेवलंय.

नवी बॅटरी सोमवारी बसेल. मे महिन्यातले आणि १ जूनचे वाढदिवस सुट्टीतच जातात. जनरल रजिस्टरमध्ये १ जून ही तारीख किती जणांची असते ते तपासून पाहा. त्यांची नावं माइकवर कधीच येत नाहीत. यंदा ती सगळी एकत्र काढून यादी तयार आहे, सोमवारच्या परिपाठात पहिली तीच वाचायची.