झिरो डिग्रीची बॅग आणि साडेसहा डिग्रीची रात्र

आधीच सांगते, मी काही मोठी ट्रेकर वगैरे नाही. कळसूबाई दोनदा, हरिश्चंद्रगड तीनदा, तेही ग्रुपबरोबर, आणि ग्रुपमध्ये सामान कोणीतरी दुसराच आणतो, आपण फक्त चहा झाला का विचारायला पुढे. यंदा ठरवलं की एकटीने तंबूत राहून बघायचं आणि तेही थंडीत, कारण आपल्याकडे पावसाळ्यात तंबू म्हणजे चिखल आणि एप्रिल-मेमध्ये भट्टी, काय ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यासाठी जे सामान घेतलं त्याचा हा रिव्ह्यू, पण मुख्य स्लीपिंग बॅगचा, कारण डोकं तिनेच फिरवलंय. ब्रँडचं नाव देत नाही, ऑनलाईन तसल्या पन्नास बॅगा आहेत, रंग तेवढा वेगळा.

बॅग पडली २,२०० ला. कव्हरवर ठसठशीत लिहिलेलं, झिरो डिग्री, ऑल सीझन. मी खूश, म्हटलं नाशिक जिल्ह्यात नाहीतर नगर जिल्ह्यात झिरो कुठे होतंय, आपल्याला तर ही जास्तच होईल. घरी आल्यावर आतल्या शिवणीत एक बारकं लेबल सापडलं आणि त्यावर तीन आकडे, कम्फर्ट १५, लिमिट ११, एक्स्ट्रीम ०. म्हणजे कव्हरवर जो शून्य मिरवतोय तो एक्स्ट्रीमवाला. हे तीन आकडे काय असतात ते तेव्हा वाचलं, तुम्ही खरेदीच्या आधी वाचा. कम्फर्ट म्हणजे साधारण बाईमाणूस ज्या तापमानाला आरामात झोपेल ते, लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानाला बाई सहा तास जिवंत राहील एवढंच, अंग गारठून जिवाला धोका आहेच. थोडक्यात झोप लागण्याशी त्या शून्याचा काही संबंध नाही! आणि मी बाई असल्यामुळे माझा आकडा १५, जो आमच्या गच्चीवर डिसेंबरातच खाली जातो.

तरी परत केली नाही. आळस, दुसरं काय.

पहिली रात्र गच्चीवर काढली, आणि हे मी प्रत्येकाला सांगेन, पहिली रात्र घरीच काढा. तंबू दोन माणसांचा, दुहेरी कापडाचा, अडीच किलोच्या आसपास, तो उभा करायला मला ४० मिनिटं लागली, गच्चीत पेग कुठे ठोकणार म्हणून पाण्याने भरलेल्या बादल्यांना दोऱ्या बांधल्या आणि समोरच्या बिल्डिंगमधले काका बाल्कनीत येऊन बघत बसले. आईचं मत होतं की एवढीच हौस आहे तर इथेच झोपत जा रोज. तापमान १३ होतं, स्वेटर घालून झोपले, पहाटे जरा कुडकुडले पण निभावलं. त्या निभावण्यानेच घात केला.

जानेवारीत पाचनईला गेले. घोटीवरून राजूर आणि मग पुढे आत, हरिश्चंद्रगडाचा सगळ्यात सोपा रस्ता इथूनच. गडावर तंबू लावायचा असेल तर आधी वनखात्याच्या नाक्यावर नीट विचारा, तो भाग अभयारण्यात येतो. मला एकटीला वर राहायचंच नव्हतं, दिवसा कोकणकडा बघून, केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात पाय सुन्न करून खाली आले आणि ज्यांच्याकडे जेवायची सोय केली होती त्या मावशींच्या भाताच्या खाचरात तंबू लावला. मावशींनी एकदाच विचारलं, "एकलीच हाय का गं?" आणि मग दहा वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाने कोणीतरी बॅटरी घेऊन चक्कर मारून जात होतं, त्यामुळे एकटं राहण्याची भीती वगैरे जे मी मनात धरून आले होते ते जमलंच नाही.

खाचर निवडलं कारण ते सपाट होतं आणि बांधामुळे वारा लागत नव्हता. चूक. गार हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळत येऊन अशाच खोलगट जागी साचते, आणि तिथे दवही जास्त. अडीचशे रुपयांचा छोटा थर्मामीटर बरोबर होता, रात्री अडीच वाजता साडेसहा दाखवत होता. माझ्या अंगावर तोपर्यंत दोन टीशर्ट, स्वेटर, जॅकेट, कानटोपी, मोज्यांवर मोजे. वरून फारसं गार लागत नव्हतं हो, गंमत तीच, पाठ आणि कुशी बर्फ झाली होती. बॅगेतला कापूस काय किंवा फायबर काय, ऊब धरतो तो फुललेला असला तर, आणि आपण झोपतो तिथे तो आपल्याच वजनाने दबून पापड होतो. मग जमीन सरळ अंगातली ऊब ओढते. माझ्याकडे खाली होती योगाची मॅट. हसू नका, इंचभरसुद्धा नसते ती.

शेवटी उठून पडवीत गेले, मावशी जाग्याच. त्यांनी काळी घोंगडी काढून दिली. मी ती अंगावर घ्यायला लागले तर म्हणाल्या, "वरून नको घेऊ, खाली घाल. भुई गार हाय." चौपदरी करून खाली घातली आणि पंधरा मिनिटांत झोप लागली, साडेसहाला कोंबड्याने उठवलं. बॅग तीच, तंबू तोच. त्या बॅगच्या जाहिरातीत जेवढं ज्ञान नाही तेवढं त्या दोन वाक्यांत होतं.

दुसऱ्या रात्रीसाठी तंबू उचलून वर घराच्या भिंतीजवळ आणला, थर्मामीटर आठच्या खाली उतरला नाही. मोजून तीस पावलांचं अंतर असेल.

तंबूबद्दल तक्रार नाही, पण पाचनईच्या पहिल्या रात्री थंडी म्हणून मी त्याच्या वरच्या खिडक्या गच्च बंद केल्या आणि सकाळी आतून पाणी टपकत होतं, मला वाटलं गळतोय. गळत नव्हता, माझ्याच श्वासाची वाफ. खिडकी चार बोटं उघडी ठेवली की थोडं गार लागतं पण बॅग कोरडी राहते, आणि ओली बॅग म्हणजे संपलंच.

गॅसचा छोटा कॅन पहाटे रुसला, ज्योत नुसती फुरफुर. कॅनमध्ये पातळ रूपात भरलेला साधा ब्युटेन शून्याच्या जवळपास गॅस व्हायचंच सोडतो, आणि वापरताना कॅन स्वतःच अजून गार होत जातो, त्यामुळे सहा-सात डिग्रीतही तो मंदावतो. दुसऱ्या दिवशी कॅन रात्रभर तंबूत कपड्यांत गुंडाळून ठेवला आणि सकाळी चहा वेळेत झाला. स्टोव्ह पेटवायचा मात्र तंबूच्या बाहेरच, आत स्टोव्ह नको, शेगडी नको, निखारे तर अजिबात नको, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि एकट्या माणसाला उठवायला कोणी नसतं. मोबाईल आणि पॉवरबँक बॅगेत पायाशी घ्या, थंडीत चार्ज भराभर उतरतो.

मग आता सांगायचं तर, बॅगला पाचपैकी दोन. चेन चांगली आहे, धुवायला सोपी आहे, वजन दीड किलो म्हणजे जरा जास्तच, पण नागड्या खोटेपणाचा राग आहे. सह्याद्रीत जानेवारीत झोपायचं असेल तर कम्फर्ट ५ वाली बघा, कव्हरकडे ढुंकूनही न बघता आतलं लेबल उलटून. आणि बजेट कमी असेल तर बॅगमध्ये काटकसर करा पण खालच्या मॅटमध्ये नको, मी नंतर ती जाड, अंड्याच्या ट्रेसारखी घडी होणारी फोमची मॅट घेतली, दिसायला भयंकर, सॅकच्या बाहेर बांधावी लागते आणि प्रत्येक झुडपाला अडकते, पण पाचपैकी साडेचार. फुगवायची मॅट मऊ असते हे खरं, पण करवंदीच्या काट्याने भोक पडलं तर रात्री एकटीने कुठे शोधत बसू.

घोंगडी विकत मागितली तर मावशी म्हणाल्या ती सासऱ्यांची आहे. बॅग भाच्याने नेलीये, तो मित्रांबरोबर अलिबागला चाललाय. तिथे ती ऑल सीझन आहे.