ग्राम सुरक्षा यंत्रणा: एका फोनवर जागे होणारे गाव

आमच्या भागात गावठाणापेक्षा शेतातल्या वस्त्यांवर राहणारी कुटुंबे अधिक आहेत. एका वस्तीवरची हाक दुसरीवर ऐकू जात नाही आणि पोलीस ठाण्याच्या हद्दीत इतकी गावे येतात की रात्रीची गस्त सगळीकडे पोहोचणे अशक्य असते. विहिरीवरची मोटार, केबल, गोठ्यातल्या शेळ्या आणि कधी घरातले दागिनेही अशाच ठिकाणांहून जातात. पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा जिल्ह्यांत पोलिसांच्या पुढाकाराने वापरात आलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा नेमक्या याच अडचणीसाठी आहे.

तिची रचना अगदी साधी आहे. नोंदणी केलेल्या मोबाइलवरून ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून आपले नाव, ठिकाण आणि घटना सांगितली, की तोच संदेश सांगणाऱ्याच्याच आवाजात गावातल्या सर्व नोंदणीकृत मोबाइलवर एकाच वेळी फोनच्या रूपाने जातो. स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि वाचता न येणाऱ्या आजीलाही निरोप समजतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रात्री दोन वाजता टाकलेला मजकूर लोक सकाळी चहा घेताना वाचतात. वाजणारा फोन माणसाला अंथरुणातून उठवतो, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल यातच आहे. चोरीखेरीज आग, पूर, हरवलेले मूल, बिबट्या यांसाठीही ती वापरता येते. मात्र ११२ वर फोन करणे टळत नाही, तो आधी करावाच.

शेजारच्या वस्तीवर मोटार उपसण्याचा प्रयत्न झाला तेव्हा हा फोन आला. चारी बाजूंच्या वस्त्यांवरचे दिवे लागले, तरुणांनी शिवारातून बाहेर पडणारे रस्ते धरले आणि चोर कापलेली केबल तिथेच टाकून पळाले. पोलीस आले तेव्हा कोण कुठून पळाले हे सांगायला माणसे जागेवर होती, त्यामुळे पंचनामाही नीट झाला.

तरीही केवळ यंत्रणा बसवल्याने गुन्हे घटतात असे मी म्हणणार नाही. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपीन्स आणि युगांडा या सहा देशांत लोकसहभागी पोलिसिंगची एकत्रित चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार गुन्हे कमी झाले नाहीत आणि पोलिसांवरचा विश्वासही वाढला नाही. अधिकाऱ्यांच्या वारंवार बदल्या, अपुरी साधने आणि वरिष्ठांच्या पाठबळातला खंड ही कारणे संशोधकांनी पुढे ठेवली. हे वाचून आश्चर्य वाटले नाही, कारण बीट अंमलदार ओळखीचा होईपर्यंत त्याची बदली होते आणि नव्याला वस्त्यांची नावे पहिल्यापासून सांगावी लागतात, हे आम्ही पाहतोच. अशा वेळी सातत्य टिकते ते १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेल्या पोलीस पाटलांमुळे, आणि ज्या गावात हे पद रिकामे आहे तिथे या सेवेकडून फार अपेक्षा ठेवू नये.

सर्वांत गंभीर प्रश्न फोन वाजल्यानंतरच्या दहा मिनिटांचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. एप्रिल २०२० मध्ये पालघरमधल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. त्या घटनांशी या यंत्रणेचा संबंध नव्हता. पण एका आवाजावर सारे गाव काठ्या घेऊन बाहेर काढण्याची ताकद जिच्याकडे आहे, तिच्याबाबत हे विसरून चालणार नाही. आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, आणि उशिरात उशिरा सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सांगते. प्रात्यक्षिकात क्रमांक कसा लावायचा हे सर्वत्र शिकवले जाते. अडवलेल्या माणसावर हात उचलायचा नाही, हेही तितक्याच वेळा सांगितले गेले पाहिजे.

एवढी काळजी घेणाऱ्या गावाला मी ही सेवा निःशंकपणे सुचवीन. उणीव आहे ती याद्यांची. सिमकार्ड बदलते, लेकी सासरी जातात, नव्या सुना येतात, आणि यादी मात्र जुनीच राहते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वाचून दुरुस्त करणे अवघड नाही. हंगामात शिवारात कोप्या घालून राहणारे ऊसतोड मजूर तर यादीत कधीच नसतात. चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर जातो आणि त्यांच्या कोपीत चोर शिरला तर त्यांचा आवाज गावापर्यंत जात नाही. कारखान्याची टोळी उतरते त्याच दिवशी मुकादमासह तिच्यातल्या प्रत्येक मोबाइलची नोंदणी पोलीस पाटलांनी करून घ्यावी.