डोंगरातल्या घरासाठी डीह्युमिडिफायर: डेसिकंटच घ्या
डोंगरातल्या गावात बारा महिने राहायचं असेल तर कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून टाकीत जमवणारं यंत्र) घेऊ नका. खोली साधारण १५ अंशांखाली गेली की त्याच्या थंड नळ्यांवर बर्फ धरतो. यंत्राचा वेळ तो वितळवण्यातच जातो आणि टाकीत पाणी जेमतेम. डेसिकंट प्रकारच्या यंत्रात ओल शोषणारं चाक गरम हवेने सुकत राहतं, म्हणून कडक थंडीतही काम अडत नाही. वीज जास्त लागते, पण ती ऊब खोलीतच उतरते. हिवाळ्यात फारच सुखाची गोष्ट! उन्हाळ्यात मात्र नकोशी.

आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवा, खिडक्या बंद. यंत्राची जाळी पंधरवड्याला साफ करा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर मागे बुरशी येतेच. निचऱ्याच्या नळीला सलग उतार द्या. गोठणाऱ्या रात्री तिचं टोक बाहेर ठेवू नका.