फ्योल्कलिंगेनचा लोखंड कारखाना: आधी वायूची वाट धरा

जर्मनीच्या झारलांड प्रांतात, झार नदीकाठी फ्योल्कलिंगेन हे लहानसं शहर आहे. तिथल्या झोतभट्ट्या (हवेचा झोत फुंकून खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या) १९८६ साली थंड झाल्या आणि १९९४ मध्ये युनेस्कोने हा कारखाना जागतिक वारसा यादीत घेतला. आत शिरल्यावर नजर सहा भट्ट्यांच्या रांगेवर खिळते, ते साहजिकच आहे. पण ही वास्तू अशी का उभी आहे हे कळायला हवं असेल, तर आधी पाइप बघावेत.

साधा हिशेब करू. इथे मुख्यतः लोरेन-लक्झेंबर्ग पट्ट्यातलं ‘मिनेत’ खनिज वापरत. त्यात लोखंड जेमतेम ३० टक्के. म्हणजे १ टन कच्च्या लोखंडामागे सुमारे ३ टन खनिज आणि टनभर कोक, म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा. आणि हवा किती? ४ ते ५ टन! भट्टीत जाणाऱ्या मालात सगळ्यांत जड हवाच. ती कोकशी भिडून कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला वायू होते आणि भट्टीच्या माथ्यातून बाहेर पडते. हा वायू जळतो. तो आकाशात सोडायचा नाही, या हट्टापायी इथल्या कारखान्याचा मोठा भाग बांधला गेला.

सुरुवात मात्र मालाच्या कोठारापासून करा. १९१० च्या दशकातलं हे प्रचंड काँक्रीटचं कोठार म्हणजे कप्प्याकप्प्यांची कणगी. वरून रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या व्हायच्या आणि खालच्या झडपांतून माल टांगत्या डब्यांत पडायचा. माल आपल्या वजनाने खाली यावा म्हणून तळ उतरते ठेवले आहेत. खालच्या अंधाऱ्या बोळातून चालताना डोक्यावरच्या त्या झडपा नीट बघा. भट्टीचं सगळं आरोग्य त्यांच्या हाती असे, कारण मिश्रणाचं प्रमाण इथेच ठरायचं. चुनखडीचा अंश कमी पडला की मळी (खनिजातला वितळलेला टाकाऊ भाग) घट्ट होते आणि भट्टीतून धड वाहत नाही. शेजारचा सिंटर कारखाना १९२८ चा. खनिजाचा भुगा भट्टीत तसाच टाकला तर वायूची वाट बुजते, म्हणून तो कोकच्या चुऱ्याबरोबर भाजून त्याची सच्छिद्र ढेकळं करत.

इथून टांगत्या रुळांवरचे डबे तिरक्या चढाने २७ मीटर उंचीवरच्या भरणीच्या मजल्यावर जात. हा मजला साही भट्ट्यांना जोडतो, त्यामुळे एकाच चढावर सहा भट्ट्यांची सोय झाली. वर डबे माणसं ढकलत आणि भट्टीच्या तोंडात रिकामे करत. ज्या वायूवर कारखाना चालायचा, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. त्या अरुंद मजल्यावर उभं राहिलं की हे काम काय असेल याची कल्पना येते.

आता वायूच्या मागे खाली या. सगळीकडे गंजाचा एकच रंग असल्यामुळे कोणता पाइप कशाचा ते पटकन कळत नाही. काही खुणा लक्षात ठेवा. माथ्यावरून निघून उभ्या उतरणीने खाली येणारे पाइप कच्च्या वायूचे. उतार कमी ठेवला तर धूळ साचून ते तुंबतात. जिथे पाइपाच्या अंगावर मधेच भिंगासारखा फुगवटा दिसेल, तिथे तापून वाढणाऱ्या लांबीला जागा दिली आहे. भट्टीच्या कमरेला वेढणारं जाडजूड कडं गरम हवेचं. बाहेरून दिसतं तेवढं ते आत पोकळ नाही, अग्निरोधक विटांच्या अस्तराने बरीच जागा खाल्ली आहे.

वायू आधी धूळपात्रात जातो, तिथे जड धूळ खाली बसते. बारीक धूळ पकडायला इथे १९११ पासून कापडी पिशव्यांची कोरडी गाळणी होती. तिची गंमत तापमानात आहे. वायू फार गरम असला तर कापड करपतं आणि फार गार झाला तर दव धरून पिशव्यांवर चिखल बसतो. एवढा खटाटोप का, ते पुढच्या दालनात कळतं. तिथे वायूवर चालणारी अजस्र इंजिनं आणि त्यांची गतिचक्रं उभी आहेत. धूळ वंगणात मिसळली की सिलिंडर पॉलिशच्या लेपाने घासल्यासारखा झिजतो. भट्टीच्याच वायूवर चालणारं हे इंजिन भट्टीलाच हवा फुंकतं, आणि वर्तुळ पूर्ण होतं. या दालनात कलाप्रदर्शनंही भरतात, पण पहिली अर्धी घटका यंत्रांसाठीच राखून ठेवा.

उरलेलं कोडं म्हणजे भट्टीशेजारचे गोल मनोरे. आत विटांच्या जाळ्या आहेत. मनोऱ्यात वायू जाळून विटा तापवायच्या, मग प्रवाह उलटवून थंड हवा त्याच विटांतून न्यायची. एक मनोरा हवा तापवत असताना बाकीचे स्वतः तापत असतात, म्हणून एका भट्टीला एक मनोरा पुरत नाही.

दोन्ही महायुद्धांत इथे हजारो लोकांना सक्तीने राबवलं. त्यांच्या स्मरणार्थ फ्रेंच कलाकार क्रिस्तियान बोल्तान्स्कीने २०१८ मध्ये उभारलेली कलामांडणी सिंटर कारखान्यात आहे. ती चुकवू नये. एवढा माल वाहणाऱ्या वास्तूत माणसांनाही माल मानलं गेलं होतं.

पूर्ण फेरीला चार तास धरा. जाळीदार लोखंडी पायवाटा भरपूर आहेत, म्हणून सपाट जाड तळव्याचे बूट हवेत. उंचीची भीती असणाऱ्यांनी वरचा मजला टाळावा. काँक्रीटचं कोठार उन्हाळ्यातही गार असतं. झारब्रुकेनहून रेल्वेने दहाएक मिनिटं लागतात आणि स्टेशन जवळच आहे.

शेवटी ४५ मीटरवरच्या कट्ट्यावर चढा. खाली कोकभट्ट्यांत आता झाडं उगवली आहेत आणि पलीकडे पोलाद कारखाना अजून सुरू आहे. त्याला लागणारं वितळलेलं लोखंड डिलिंगेनहून, रेल्वेच्या लांबोळक्या वाघिणींतून येतं.