तैगाचा अन्नजाळे संच: दोरे उत्तम, मण्यांचा हिशेब कच्चा

उत्तर कॅनडातल्या सूचिपर्णी जंगलाचे अन्नजाळे मांडून दाखवणारा हा शैक्षणिक संच आहे. त्यात 36 पत्ते, पिवळे आणि निळे दोरे, ऊर्जा दाखवणारे 1000 मणी, खर्च झालेल्या ऊर्जेचे मणी टाकायला ‘उष्णता’ असे लिहिलेली वाटी आणि एक पुस्तिका मिळते. पत्ते जाड आहेत, टाचणी टोचली तरी फाटत नाहीत. बाणांची दिशाही बरोबर आहे: जो खाल्ला जातो त्याच्याकडून खाणाऱ्याकडे. बऱ्याच तक्त्यांत हीच गोष्ट उलटी छापलेली असते, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे.

दोरे बांधताना सुरुवात स्प्रूस, विलो आणि बर्चपासून करावी. लिंक्स या रानमांजरापासून सुरुवात केली की पंचविसाव्या दोऱ्यापर्यंत सगळा गुंता होतो. स्नोशू ससा फळ्याच्या मधोमध ठेवा, कारण लिंक्स, कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) आणि शिंगाळे घुबड हे तिघेही मुख्यतः त्याच्यावर जगतात. लाल खारीच्या पत्त्यावर मात्र फक्त ‘शाकाहारी’ असे छापले आहे, आणि ते चूक आहे. कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉन प्रदेशात ही खार सशाची नवजात पिल्ले खाते. शिवाय अळंबी फांद्यांवर वाळवून साठवते, म्हणजे जिवंत झाडांचे जाळे आणि कुजणाऱ्या पाचोळ्याचे जाळे यांना ती जोडते. तिच्याकडे येणारे दोन दोरे आपणच वाढवावेत.

खरी अडचण ऊर्जेच्या भागात आहे. पुस्तिकेत विघटकांकडून झाडाकडे परत जाणारा दोरा पिवळा, म्हणजे ऊर्जेचाच, दाखवला आहे. ही चूक गंभीर आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस मातीतून झाडाकडे परततात, ऊर्जा परतत नाही. झाडाला ती दरवेळी सूर्याकडूनच नव्याने मिळवावी लागते. तो दोरा निळा, म्हणजे पोषकद्रव्यांचा, करा. वाटीत पडलेला मणी पुन्हा उचलायचा नाही, हा संचातला नियम मात्र अगदी योग्य आहे आणि खेळताना तो कसोशीने पाळावा.

दुसरी चूक दहा टक्क्यांची, म्हणजे खालच्या पायरीवरची दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीला मिळते या समजाची. पुस्तिका झाड, शाकाहारी, भक्षक अशा प्रत्येक पायरीला 1000, 100, 10, 1 असे मणी देते आणि हा परिसंस्थांचा अभ्यासक लिंडेमन याचा नियम असल्याचे सांगते. लिंडेमनचा 1942 चा अभ्यास मिनेसोटातल्या एका तळ्याचा होता, आणि त्यातही आकडे पायरीगणिक वेगळे होते: शाकाहारींसाठी 13.3 टक्के, त्यांच्यावरच्या भक्षकांसाठी 22.3 टक्के. जंगलात तर फरक आणखी मोठा पडतो. उष्ण रक्ताचा ससा पचवलेल्या ऊर्जेतली साधारण 1 ते 3 टक्केच अंगी लावतो, बाकीची शरीर गरम ठेवण्यात आणि हालचालीत जाते. पाने खाणारी अळी मात्र 40 टक्क्यांपर्यंत अंगी लावू शकते. त्यामुळे ससा आणि अळी यांना सारखेच मणी देणे बरोबर नाही.

आणि मुळात, या जंगलात झाडांनी बनवलेल्या पदार्थांपैकी फार थोडा भाग जिवंतपणी खाल्ला जातो. बहुतेक सगळा पाचोळा होऊन शेवाळावर पडतो. थंडीमुळे तो सावकाश कुजतो, म्हणून जमिनीवर जाड थर साचतो. संचात पाचोळ्याचा पत्ताच नाही! सोबतच्या दोन कोऱ्या पत्त्यांवर ‘पाचोळा’ आणि ‘बुरशी’ लिहा आणि 1000 पैकी 900 हून अधिक मणी तिकडे वळवा. हा आकडा फक्त मांडणीसाठी आहे, मोजमाप नव्हे. सशाने न पचवलेल्या लेंड्यांचे मणीही पाचोळ्यातच टाका, उष्णतेच्या वाटीत नाही. त्यांच्यातली ऊर्जा अजून खर्च झालेली नसते.

संचातला ‘लिंक्स काढून टाका’ हा खेळ अपुरा आहे. 1986 ते 1996 दरम्यान युकॉनमधल्या क्लुआनी भागात झालेल्या प्रयोगात भक्षक रोखल्यावर सशांची दाटी सुमारे दुप्पट झाली, जादा अन्न दिल्यावर तिप्पट, आणि दोन्ही एकत्र केल्यावर अकरापट. त्यामुळे खेळाच्या चार फेऱ्या घ्याव्यात: काहीही न बदलता, फक्त भक्षक काढून, फक्त अन्न वाढवून, आणि दोन्ही करून. प्रत्येक फेरीनंतर सशांची संख्या फळ्यावर लिहून ठेवावी.

या दुरुस्त्या करायची तयारी असलेल्या शिक्षकाने हा संच जरूर घ्यावा. फक्त पुस्तिकेवर विसंबून शिकवणार असाल तर घेऊ नका.